काढून ठेवलेली मोटार

लग्न होऊन लातूरला आले आणि माझं तेलुगू बंद पडलं. माझं माहेर बिलोलीकडचं. आई सीमेपलीकडची, त्यामुळे आमच्या घरात भांडण तेलुगूत आणि व्यवहार मराठीत अशी वाटणी होती. सासर लिंगायत दुकानदारांचं. सासूबाई अधूनमधून कानडीत पुटपुटायच्या, पण ते देवाचं समजलं जायचं. एकदा भाजी करपली तेव्हा मी तेलुगूत काहीतरी बोलले, तर सासऱ्यांनी ओट्यावरून विचारलं, "हिला काय व्हायलंय?" त्यानंतर मी ते माहेरासाठी राखून ठेवलं.

आमचं भांड्यांचं दुकान होतं. भूकंपाच्या पहाटे फळ्यांवरची सगळी भांडी एकदम खाली आली. घराला एक चीर गेली, माणसं वाचली. तिकडे किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं गेली होती, त्यापुढे आमच्या पातेल्यांचे पोचे सांगण्यासारखे नाहीत. पण पोचे आलेला माल आम्ही पुढे कितीतरी दिवस कमी भावात विकत होतो, आणि लोक घेत होते.

मग नवी गावं बांधायला घेतली. गवंडी, बिगारी कुठून कुठून आले, त्यात सीमेपलीकडचे तेलुगू बोलणारे बरेच. बाजाराच्या दिवशी त्यांच्या बायका दुकानासमोर उभ्या राहून जर्मनच्या पातेल्यांकडे बोट दाखवायच्या. माझा नवरा बोटांवर भाव सांगायचा. त्या मान हलवायच्या आणि पुढच्या दुकानात जायच्या. एक दिवस मी आतून येऊन तेलुगूत विचारलं, "किती माणसांचा भात शिजवायचाय?" त्या दिवशी दुकानात पातेलं शिल्लक राहिलं नाही. संध्याकाळी सासूबाईंनी निर्णय दिला.

"गिऱ्हाइकासंगं बोल. घरात नगं."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान होतं. तिथं तीन पिढ्या शेरवान्या शिवल्या गेल्या, आणि चौथ्या पिढीतला मुलगा वकील झाला. नवा होता. सरकारकडून ज्यांना वकील मिळतो अशा गरीब आरोपींची कामं त्याच्याकडे यायची. एकदा तो आईसाठी ताट घ्यायला आला होता, तेव्हा मी एका गवंड्याच्या बायकोशी झाकणावरून हुज्जत घालत होते. तो ताट हातात धरून ऐकत राहिला. ती बाई गेल्यावर म्हणाला, "वहिनी, तुम्ही कोर्टात याल का?"

माझ्या सासऱ्यांनी गल्ल्यामागून मान वर केली.

"साक्षीला नाही, काका," तो घाईनं म्हणाला. "भाषेला."

मग त्यानं सांगितलं ते असं. नव्या गावाच्या बांधकामावर एक तेलुगू गवंडी होता. ठेकेदाराची पाण्याची मोटार चोरीला गेली, म्हणून त्याला धरलं होतं. तो काही महिन्यांपासून कोठडीत होता. वकील त्याला तीन वेळा भेटला. उर्दूत बोलला, हिंदीत बोलला, हातवारे केले. प्रत्येक वेळी तो माणूस 'हाव', म्हणजे हो, एवढंच म्हणाला.

"मग काल त्याच्यावर आरोप ठेवायचा होता," वकील म्हणाला. "मॅजिस्ट्रेटसाहेबांनी वाचून दाखवलं. विचारलं, आरोप समजला का? तो म्हणाला, हाव. गुन्हा कबूल आहे का? हाव. मी उठेपर्यंत साहेब लिहायला लागले होते. मग काय वाटलं कोण जाणे, थांबले आणि त्याला विचारलं, बाहेर पाऊस पडतोय का? ऊन बघा वहिनी, कसलं पडलंय. तो म्हणाला, हाव."

"मग?"

"साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, याला आधी कळू द्या वकीलसाहेब, मग काय ते कबूल करू द्या. ज्या भाषेत कळेल त्या भाषेत खटला ऐकायचा त्याचा हक्क आहे. दुभाषा आणा."

सासरे म्हणाले, आपल्या घरातली बाई कोर्टात जात नसते. नवरा म्हणाला, बाजाराचा दिवस सोडून असेल तर बघू. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"त्याला कशापायी धरलंय, ते त्यालाच ठाऊक न्हाई व्हय?"

"नाही ना, मावशी."

"आन् आतमदी बसून हाय?"

"हो."

"मी जाते हिच्यासंगं," सासूबाई म्हणाल्या आणि सूप पुन्हा हातात घेतलं. विषय संपला. पुढे एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला त्या माणसाची दया आली का? त्या म्हणाल्या, आली असंल, पण कोर्ट आतून कसं असतं ते कधी बघितलं नव्हतं.

तालुक्याचं कोर्ट म्हणजे पत्र्याच्या पडवीची जुनी इमारत. भूकंपानंतर तिच्या एका भिंतीला टेकू दिला होता आणि त्या टेकूला लोक सायकली लावायचे. सासूबाई मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. मला पुढे बोलावून शपथ दिली. जे बोललं जाईल तेच सांगीन, जास्त नाही, कमी नाही. शपथ सोपी वाटली.

आरोपीला आणलं. तिशीचा असेल. अंगावर चुन्याचे डाग पडलेला सदरा, जो कोठडीतल्या महिन्यांत धुतला होता पण डाग गेले नव्हते. मी त्याला तेलुगूत म्हटलं, मी इथलं बोलणं तुला सांगणार आणि तुझं इथे सांगणार. त्यानं मला काहीतरी विचारलं.

"काय म्हणाला?" मॅजिस्ट्रेट.

"साहेब, तो विचारतोय माझं माहेर कुठलं."

"सांगा."

मी त्याला सांगितलं.

"त्याला काय सांगितलंत ते कोर्टाला सांगा."

"बिलोली, साहेब."

मॅजिस्ट्रेटांनी मान डोलावली. तेवढ्यात तो पुन्हा बोलला. मी सांगितलं, "तो म्हणतोय, अक्का, नीट सांग."

"काय नीट सांग?"

"अजून काही नाही साहेब. नुसतं नीट सांग."

मग आरोप वाचला गेला. मालकाच्या ताब्यातली पाण्याची मोटार लबाडीनं काढून नेली, वगैरे. तो मजकूर मी मनात उलटापालटा करून सोपा केला आणि सांगितला. तेलुगूत चोरीला दोंगतनं म्हणतात. तो शब्द आला तेव्हा त्यानं मला थांबवलं. पुन्हा सांग म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. तो पिंजऱ्याच्या कठड्याला धरून खाली बसला. पोलिसानं उठ म्हणून खूण केली, पण मॅजिस्ट्रेटांनी हातानं राहू दे म्हटलं.

बसल्या बसल्या तो हळू आवाजात बोलला, आणि मी ते कोर्टाला सांगितलं. त्याला वाटत होतं, सुट्टी न मागता गावी गेलो म्हणून धरलंय. मुलगी तापानं फणफणली होती, निरोप आला तसा तो निघाला. ठेकेदार रागीट आहे, त्यामुळे इतके दिवस त्याला ही शिक्षा जरा जास्त पण खरीच वाटत होती. मोटारीचं म्हणाल तर अवकाळी पावसानं खड्ड्यात पाणी चढायला लागलं होतं. मोटार बुडाली असती. म्हणून त्यानं ती काढून शेजारच्या अर्धवट घरात पत्र्याखाली ठेवली. आणि गावाला गेला. परत आल्यावर पोलिसांनी मोटार मोटार म्हटलं, तेव्हा त्यानं स्वतः नेऊन दाखवली.

"ठेकेदाराला का नाही सांगितलं?" सरकारी वकिलांनी विचारलं. त्याच्या वकिलानं लगेच उभं राहून हरकत घेतली, ही साक्षीची वेळ नाही म्हणून. पण मी तोवर प्रश्न सांगून टाकला होता आणि त्यानं उत्तरही दिलं होतं.

"काय म्हणाला?"

मी मागे वळून पाहिलं. बाकावरून सासूबाई म्हणाल्या, "सांग की. शपथ घेतलीस न्हवं?"

"तो म्हणतोय, ठेकेदार गाढव आहे, साहेब. सांगितलं असतं तर पावसात त्यानं दुसरंच काम लावलं असतं."

ठेकेदार मागेच बसला होता. मॅजिस्ट्रेटांनी हे लिहून घेतलं नाही. त्यांनी लिहिलं, आरोपीला गुन्हा कबूल नाही.

जेवणाच्या सुट्टीत वकिलानं मला पडवीत बोलावलं. म्हणाला, "वहिनी, तुम्ही आमच्या बाजूच्या नाही. हे ध्यानात ठेवा. तुम्ही कोर्टाच्या. पण एवढं त्याला सांगा, त्याला गप्प बसायचा हक्क आहे. कुणी विचारलं म्हणून सगळं बोलायलाच पाहिजे असं नाही." मी सांगितलं. हक्क हा शब्द तेलुगूतही तोच आहे, शेवटी एक उकार येतो इतकंच. त्याला शब्द कळला, मुद्दा पटला नाही. तो म्हणाला, इतके महिने गप्पच होतो, कारण कुणी विचारत नव्हतं. आता विचारायलेत तर गप्प बसू?

वकिलानं त्याच दिवशी जामिनाचा अर्ज दिला. जामीन मागता येतो हेही त्याला ठाऊक नव्हतं, आणि या भागात त्याच्यासाठी उभं राहणारं कुणी नव्हतं. मॅजिस्ट्रेटांनी त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडलं, तारखेला हजर राहायचं या अटीवर. पुढच्या तारखेला ठेकेदार आला नाही. त्याच्या पुढच्या तारखेला मॅजिस्ट्रेटांची बदली झाली. नवे साहेब आले, मग काही काळ साहेबच नव्हते. प्रत्येक वेळी सीमेपलीकडून येणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो लातूरलाच कामाला लागला.

लातूरला तेव्हा काम पुष्कळ होतं. बोर्डाच्या निकालात इथल्या पोरांची नावं वर यायला लागली आणि साऱ्या मराठवाड्यातून, नांदेडहून, अहमदपूरहून, आईबाप मुलांना घेऊन इथे उतरायला लागले. जिथे मोकळी जागा होती तिथे क्लास झाले, जिथे जागा नव्हती तिथे मजले चढले. आमच्या गल्लीत धान्याचं कोठार होतं, ते फिजिक्स झालं. आम्हीही पातेली कमी करून डबे, बादल्या आणि एका माणसाचे कुकर ठेवायला लागलो. तो गवंडी मुलींच्या वसतिगृहाच्या कामावर होता. कधी दुकानावरून गेला की सासूबाईंना हात जोडायचा. त्या विचारायच्या, "तारीख कधी हाय?" तो मराठीत सांगायचा. हळूहळू तो मराठी बोलायला लागला, आमच्या बाजूचं मराठी, लई आणि न्हाई घालून. मला हे चांगलं वाटत होतं. पुढे याचाच त्रास होईल हे सुचलं नाही.

अखेर साक्षी सुरू झाल्या. पोलिसांकडे मुख्य पुरावा होता तो निवेदन पंचनामा. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. पण आरोपीनं दाखवलेल्या जागी चोरीचा माल सापडला, तर दाखवण्यापुरतं त्याचं बोलणं चालतं. तसं हे लिहिलेलं होतं. वकिलानं ते मोठ्यानं वाचलं. 'मी स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय निवेदन करतो की, सदरील मोटार मी लपवून ठेवली असून ती ठेवल्याचे ठिकाण मी समक्ष चालून दाखवण्यास तयार आहे.' खाली अंगठा.

मी ते तेलुगूत सांगितलं. त्यानं कौतुकानं ऐकलं. "हे मी म्हणालो?" त्यानं विचारलं. मी प्रश्न कोर्टाला सांगितला.

पंच म्हणून सही करणारा बांधकामाजवळचा चहावाला होता. वकिलानं विचारलं, "आरोपी कोणत्या भाषेत बोलला?"

"त्याच्या भाषेत."

"तुम्हाला ती येते?"

"न्हाई."

"मग हे कुणी लिहिलं?"

"सायबानं लिव्हलं. मी सही केली. सायब म्हनले कर."

"तो नक्की काय बोलला, काही आठवतं?"

चहावाल्यानं डोकं खाजवलं. "लई येळा एकच म्हनत होता. तीसिपेट्टिन, तीसिपेट्टिन. मोटार दावायला गेला तवाबी तेच म्हनत होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "याचा अर्थ?"

"काढून ठेवली, साहेब."

सरकारी वकील उठले. हुशार माणूस होता. "म्हणजे लपवून ठेवली, असंही होऊ शकतं?"

मला त्या क्षणी सरळ नाही म्हणता आलं असतं. तो माणूस माझ्याकडे बघत होता. पण मी शपथ आठवून शब्दच तपासला. "लपवून ठेवण्याला दाचिपेट्टिन म्हणतात, साहेब. स्वतःसाठी घेतली याला तीसुकुन्न म्हणतात. तीसिपेट्टिन म्हणजे बाजूला काढून ठेवली. सणाला आपण एकाचं ताट काढून ठेवतो ना, तसं."

"पण चहावाल्याला तेलुगू येत नाही. त्यानं दाचि ऐकलं की तीसि, हे कशावरून?"

"ते मला सांगता येणार नाही, साहेब. मी तिथं नव्हते."

वकिलानं डोळे मिटून घेतले. पण माझं उत्तर तेच होतं, आणि दुसरं नव्हतं. चहावाला मात्र आपल्या शब्दाला चिकटून राहिला. "मी ऐकलं तेच सांगायलोय. दाचिबिचि काय न्हाई."

त्यानंतरच्या तारखेला सरकारी वकिलांनी नवीन काढलं. कोर्टाच्या पडवीत आरोपी शिपायाशी मराठीत गप्पा मारत होता, ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे त्याला मराठी येतं, निवेदन त्याचंच आहे आणि दुभाषीचं हे सगळं नाटक आहे.

साहेबांनी त्याला सरळ मराठीत विचारलं, "तुला मराठी येतं का?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. तो माझ्या आधी बोलला.

"येतंय की, सायब."

वकील खुर्चीत मागे टेकला.

"कुठं शिकलास?"

"थोडं जेलात. बाकी तारखांना."

कोर्टात कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "पंचनामा झाला तेव्हा येत होतं?"

"तवा हाव येत होतं, सायब. पानी येत होतं. इटा आन म्हनलं तर कळायचं."

"मग आता तुझा जबाब मराठीत घेऊ? दुभाषीची गरज नाही."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "कामाचं मी मराठीत बोलतो, सायब. ह्ये खरंखोटं हाय. ह्ये मला माझ्या भाषेत बोलू द्या."

साहेबांनी परवानगी दिली. त्यानं सगळं पुन्हा सांगितलं. पाऊस, खड्डा, मोटार, पत्रा, मुलगी, निरोप. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसंच. ठेकेदार या वेळीही गाढवच होता. मी तेही सांगितलं.

निकाल लागला तेव्हा साहेबांनी पुष्कळ वाचलं आणि शेवटी म्हणाले, संशयाचा फायदा देऊन आरोपीला निर्दोष सोडण्यात येत आहे. वकिलानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मागून सासूबाईंनी पिशवीतून साखरेची पुडी काढली, त्यांनी ती आणली होती हे मला माहीत नव्हतं.

मी सांगितलं, तू सुटलास. संशयाचा फायदा मिळाला.

"कुणाला संशय आहे?" त्यानं विचारलं.

मी तो प्रश्न साहेबांना सांगितला. ते कागद आवरत होते. म्हणाले, "कोर्टाला. चोरी केली हे सिद्ध झालं नाही, म्हणून सोडलं, असं सांगा."

मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि मोटार काढून ठेवली ते बरोबर केलं का?"

"तो प्रश्न या कोर्टापुढे नाही," साहेब म्हणाले. हे त्यांनी रागानं म्हटलं नाही. मग पुढचं प्रकरण पुकारलं गेलं.

मोटार मुद्देमाल म्हणून कोर्टाच्या खोलीत पडून होती. ठेकेदार ती न्यायला कधी आलाच नाही. ती आता चालणारी राहिली नव्हती.

काही दिवसांनी तो दुकानावर आला. गावी जायचं म्हणाला, पण त्याआधी एक काम होतं. गावात, आणि बायकोच्या माहेरी जास्त, तो चोरीत सापडला एवढंच पोचलं होतं. सुटला हे त्यानं सांगितलं, पण सुटलेला माणूस असंच सांगतो. निकालाची नक्कल मराठीत होती, ती तिथे कुणाला वाचता येत नव्हती. मी ते तेलुगूत लिहून द्यावं. मला ओशाळल्यासारखं वाटलं. मला तेलुगू बोलता येत होतं, अक्षर एक येत नव्हतं. आई भांडायला शिकवून गेली, लिहायला नाही.

सासूबाई आतून ऐकत होत्या. "लिहायचं कशाला? जाऊन सांग की. नायतरी सणाला माहेरी चाललीस." आणि त्याही निघाल्या.

बिलोलीहून एसटी, मग जीप, मग पायी. त्याच्या सासऱ्याच्या अंगणात बाज टाकली होती. माणसं जमली, बायका दारात उभ्या. मी मध्ये बसून सगळं सांगितलं. आरोप काय होता, पोलिसांनी काय लिहिलं, चहावाला काय म्हणाला, साहेब काय म्हणाले. संशयाच्या फायद्यापाशी मी क्षणभर अडले. इथे मला कुणी शपथ दिली नव्हती. मी म्हटलं, यानं चोरी केली नाही. मोटार वाचवायला काढून ठेवली, ते बरोबर केलं.

त्याच्या सासऱ्यानं विचारलं, हे कोर्ट म्हणालं?

मी म्हटलं, हे मी म्हणते. कोर्टानं सोडून दिलं.

म्हाताऱ्यानं जावयाला बाजेवर आपल्या शेजारी बसायला सांगितलं. सासूबाईंना यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी मला कोपरानं ढोसून विचारलं, "मिटलं का?" मी म्हटलं, "मिटलं असं वाटतंय."

त्याची बायको ताक घेऊन आली. तिनं सगळ्यात काय ऐकलं कुणास ठाऊक, तिनं मला एवढंच विचारलं, जेलात पोटभर जेवायला मिळत होतं का? मी म्हटलं, मला माहीत नाही, त्यालाच विचार. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, मिळत होतं. ती आत गेली आणि सगळ्यांसाठी भात टाकला.